‘साधी सर्दी’ म्हणणाऱ्यांना जाहीर सवाल

२०२१ साली आपल्या तालुक्याच्या रुग्णालयामागे बसवलेला ऑक्सिजन प्रकल्प बंद पडून आहे, हे तुम्ही जाणताच. शेडला कुलूप, कुलपाला गंज, कॉम्प्रेसरवर कबुतरांची घरटी. विचारायला गेलो तर उत्तर मिळाले, “आता काय, कोविडची साधी सर्दी झालीय!” हे पत्रक त्या उत्तराविरुद्ध आहे. उत्तर देणाऱ्याची उद्या बदली होईल. उत्तर इथेच मुक्काम करील.

तर सर्दीचेच बोलू. सर्दी आणणारे विषाणू शंभराच्या वर आहेत. त्यांतले चार तर कोरोनाच्याच घराण्यातले. लहानपणापासून ते आपल्या नाकात ये-जा करतात, शरीर त्यांना ओळखते, म्हणून चार दिवस शिंकून भागते. त्याच घराण्यातल्या सार्सने २००३ मध्ये साधारण दहा रुग्णांमागे एक नेला आणि मर्सने नोंद झालेल्या शंभरांतले पस्तीसेक. घराणे बघून सोयरीक जुळवा हवी तर, साथीचा अंदाज बांधू नका. एचएमपीव्ही २००१ पासून माहीत असलेला विषाणू. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या नावाने गावभर मास्क शोधत फिरलेले लोकच आज साथीच्या तयारीला हसताहेत. जुन्याला भ्यायचे आणि नव्याला हसायचे, असा हा उफराटा शहाणपणा!

जून १९१८ मध्ये मुंबईत काही पोलीस शिपाई इन्फ्लुएन्झाच्या तापाने फणफणले. ती लाट ओसरली, शहर कामाला लागले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. जूनमधला ताप पाहून ऑक्टोबर कोणाला दिसला होता?

“नव्व्याण्णव टक्के बरे होतात हो!” हे ऐकून आमचे कान किटले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता. उरलेला एक टक्का म्हणजे सव्वाअकरा लाख माणसे. करा हिशेब, आणि मग हसा. कोविडचे राज्यातले मृत्यू सरकारी आकड्यानेच दीड लाखाच्या घरात आहेत.

“लोकांना घाबरवू नका,” हा दुसरा उपदेश. देखभालीची नोंदवही मागितली की कोण घाबरते, ते आम्ही पाहिले आहे.

त्या बंद ऑक्सिजन प्रकल्पाच्या टाक्यांत झिओलाइटचे दाणे असतात. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दमट हवा लागत राहिली की हे दाणे निकामी होतात. म्हणून यंत्र अधूनमधून चालवावे लागते, ड्रायर सांभाळावा लागतो, आणि त्यासाठी एक शिकलेला माणूस पगारावर ठेवावा लागतो. एवढेच मागणे आहे. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकमध्ये एका रुग्णालयाच्या ऑक्सिजन टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले. दुसरी सोय हाताशी असणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले होते. तहान लागल्यावर विहीर खणणारे परवडले. आपल्याकडे खणलेली विहीर बुजवतात.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला या. उभे राहून विचारा: प्रकल्प शेवटचा कधी चालला? ऑक्सिजनची शुद्धता कधी तपासली? ऑपरेटरची जागा भरली का? तोंडी उत्तर घेऊ नका. नोंदवही मागा आणि तिच्या पानाचा फोटो काढा.