त्या बेटावर स्वयंपाक कोण करतं?

थॉमस मोर या इंग्रज लेखकाने १५१६ साली ‘युटोपिया’ हे बेट कल्पिलं. तिथे खाजगी मालमत्ता नाही, स्त्री-पुरुष दोघंही रोज सहाच तास काम करतात. पण सामुदायिक भोजनगृहातला स्वयंपाक पाळीपाळीने बायकांनीच करायचा. शिवाय दर महिन्याला नवऱ्यापुढे गुडघे टेकून आपल्या चुका कबूल करायच्या! मालमत्ता गेली, नवरेशाही राहिली.

बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली ‘सुलतानाज् ड्रीम’ या इंग्रजी कथेत स्त्रियांच्या राज्याचा देश रंगवला. तिथे पुरुष मर्दान्यात राहून घरकाम करतात, अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. पुरुषांना कोंडणं मला मान्य नाही. पण देशाचा विचार करताना रुकैया चुलीला विसरल्या नाहीत.

मानपाड्यातल्या आमच्या बैठकीला बायका भाकऱ्या उरकून येतात, उशीर झाला की घरची बोलणी खातात. म्हणून समतेच्या समाजाचं चित्र रंगवणाऱ्या प्रत्येक संघटनेला आपण आधी विचारावं: तिथे रात्रीची भांडी कोण घासणार? याचं उत्तर जाहीरनाम्यात लिहून घेतल्याशिवाय पाठिंबा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.