उतार आवाक्याबाहेरचा असेल तेव्हा

फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची सुट्टी जवळ आली की न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्समधून आपल्या मंडळींच्या गाड्या पोकोनोच्या नाहीतर व्हरमाँटच्या दिशेने निघू लागतात. मुले शाळेच्या स्की क्लबात तयार झालेली असतात. आईवडिलांनी मात्र चाळिशी ओलांडल्यावर प्रथमच पायांना स्की लावलेल्या असतात. घराण्यात आजवर कुणी न केलेली गोष्ट करून पाहायची, ही आपल्या घरांची रीतच आहे आणि ती मला प्रिय आहे. मात्र मुलांच्या मागोमाग, किंवा एखाद्या मित्राच्या ‘चल, मी आहे ना’ या शब्दावर विसंबून आपण लिफ्टने वर पोहोचतो आणि पुढचा उतार आपल्या आवाक्यातला नाही हे तिथे गेल्यावर उमगते. या वेळी त्याच क्षणाविषयी लिहितो आहे.

आधी पाट्यांवरच्या खुणांविषयी. अमेरिकेत हिरवे वर्तुळ म्हणजे सोपा मार्ग, निळा चौरस म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड; दोन काळे हिरे निष्णातांसाठी. ही प्रतवारी त्या त्या डोंगरापुरती असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या लहान टेकडीवरचा काळा हिरा लीलया उतरणाऱ्याला वायोमिंगमधल्या जॅक्सन होलचा निळा चौरसही घाम फोडू शकतो. युरोपात तर रंगांची भाषाच बदलते: तिथे निळा म्हणजे सोपा आणि मधला लाल. शिवाय पाटीला त्या दिवसाचे हवामान ठाऊक नसते. ईशान्येकडे दुपारी पाऊस पडून रात्री पारा उतरला, की सकाळी निळा मार्गही काचेसारखा टणक झालेला असतो. दुपारी तीननंतरची गोष्ट आणखी निराळी. दिवसभराच्या वर्दळीने वरचा मऊ थर खरवडून गेलेला असतो, सावल्या लांबलेल्या असतात आणि आपल्या मांड्यांत बळ उरलेले नसते. ‘आता शेवटची एक फेरी’ ही कल्पना मला म्हणूनच फारशी रुचत नाही.

तीव्र उतारावर भीती वाटली की शरीर आपोआप डोंगराकडे कलते. माणूस मागे रेलतो, भार वरच्या पायावर येतो, आणि नेमक्या त्याच कारणाने पाय निसटतात. स्कीची कड बर्फात रुतून राहते ती तिच्यावर भार असेल तेव्हाच. आणि उताराला आडवे उभे असताना हा भार मुख्यतः खालच्या स्कीवर हवा. म्हणजे छाती दरीकडे वळलेली, हात पुढे, नजर खाली जिथे जायचे तिथे. भ्यालेल्या माणसाला हे सांगणे सोपे, पण त्याच्या शरीराला ते पटवणे महाकठीण. म्हणून ही सवय हिरव्या उतारावर, काही धोका नसताना लावून घ्यावी. मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात तो ‘पिझ्झा’, म्हणजे स्कींची टोके जुळवून केलेला पाचरीचा आकार, टणक तीव्र उतारावर वेग आवरू शकत नाही. पाय तेवढे दमवतो.

तिथे उपयोगी पडते ते आडवे घसरणे, म्हणजे साइड-स्लिप. दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवून उभे राहावे. डोंगराकडच्या कडा रुतलेल्या असतील तोवर आपण जागचे हलत नाही. मग घोटे व गुडघे दरीच्या दिशेने किंचित सैल करावेत. स्की थोड्या सपाट होतात आणि आपण बाजूबाजूने खाली सरकू लागतो. पुन्हा कडा रोवल्या की थांबतो. चढावरच्या गाडीचा हातब्रेक थोडाथोडा सोडावा, तसाच हा प्रकार. स्की पुरत्या सपाट मात्र होऊ देऊ नयेत, नाहीतर खालची कड अडकते आणि माणूस दरीकडे तोंड करून आपटतो. भार किंचित पुढे दिला की तिरपे पुढे जाता येते, मागे दिला की तिरपे मागे. गळणाऱ्या पानासारखे हेलकावे घेत, एकही वळण न घेता, काळा हिरा उतरून जाता येतो. हे पाहायला देखणे नसते आणि लिफ्टमधून जाणारे पाहत असतात, हेही खरे. पण आल्प्समध्ये स्कीइंग रुजले तेच मुळी तीव्र उतारावरून सुखरूप खाली येण्याच्या धडपडीतून. ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डच्या मथियास झडार्स्कीने एकच लांब काठी हातात घेऊन जे तंत्र बसवले आणि 1896 साली पुस्तकरूपाने मांडले, त्याचा रोख वेग ताब्यात ठेवण्यावरच होता.

थांबायचे तर मार्गाच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. उंचवट्याच्या आडोशाला कधीही नाही. खालच्या माणसाला वाट देण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते, पण आपण दिसलोच नाही तर त्या नियमाचा काय उपयोग?

अनेकांना वाटते की स्की काढून चालत उतरावे. मऊ बर्फात, अगदी कडेने, हे जमूही शकते. टणक उतारावर मात्र स्की-बुटांचे कडक तळवे जराही धरत नाहीत, आणि एकदा पाय सुटला की गुळगुळीत जॅकेट-पँट घातलेले शरीरच स्की बनते. त्याला कडाही नसतात. बसून घसरण्यातही धोका हाच. पडताना स्की निघालीच, तर बुटाच्या तळव्याचा बर्फ झटकून आधी दरीकडची स्की चढवावी, मग वरची.

ढगाळ दिवशी आकाश आणि जमीन एकाच रंगाची होते आणि पुढे खड्डा आहे की चढ, हेच कळत नाही. अशा वेळी झाडांच्या रांगेलगतच्या मार्गाने जावे, कारण झाडांच्या गडद रंगामुळे जमिनीचा अंदाज येतो. झाडांमध्ये मात्र शिरू नये. खोल बर्फात बुंध्याभोवती पोकळी असते; तीत डोके खाली जाऊन पडलेल्या माणसाला बहुधा स्वतः बाहेर येता येत नाही.

आता मदत मागण्याविषयी. आपल्या मंडळींना इथेच सर्वांत जास्त संकोच वाटतो. वरच्या टोकाला लिफ्ट चालवणाऱ्याला ‘मला खाली जायचे आहे’ असे सांगितले, तर गोंडोलातून आणि अनेक ठिकाणी चेअरलिफ्टनेही परत पाठवतात. तो रोज असे कितीतरी लोक पाहतो. मध्येच अडकलात, तर स्की पेट्रोलला बोलवावे. हाड मोडेपर्यंत थांबायचे कारण नाही. कुणी जखमी असेल, तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवाव्यात; ही खूण सर्वत्र ओळखतात.

मुले पुढे जाणार असतील, तर कोणत्या लिफ्टच्या पायथ्याशी भेटायचे ते वर चढण्याआधीच ठरवावे. पेट्रोलचा क्रमांक बहुधा नकाशावर छापलेला असतो. तो फोनमध्ये घालून ठेवावा, आणि फोन जॅकेटच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात ठेवावा. बाहेरच्या खिशात थंडीने बॅटरी पाहता पाहता उतरते.