नव्या टॅबची व्यवस्था

गल्ल्याची किल्ली कोणाजवळ असावी, याविषयी व्यापारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दक्ष असतात. गल्ल्याशेजारच्या संगणकाबाबत तेवढा विचार होतोच असे नाही.

क्रोम उघडताच काय दिसावे, यासाठी सेटिंग्जमध्ये तीन पर्याय असतात : नव्या टॅबचे पान, मागील वेळी उघडे असलेले सर्व टॅब किंवा आपण नेमून दिलेली पाने. दुसरा पर्याय सोयीचा खरा. परंतु त्यात टॅबांसमवेत काही संकेतस्थळांवरील लॉगिनही कायम राहू शकते. ज्या संगणकावर मुनीम, नोकर आणि घरातील मुले आळीपाळीने बसतात, तेथे पहिलाच पर्याय ठेवावा व प्रत्येक व्यवहारानंतर लॉगआउट करावे.

मासिक जीएसटीआर-3बी सामान्यतः 20 तारखेपर्यंत भरावयाचे असते. त्या घाईत एखाद्या दुव्यावर साधे क्लिक केले आणि तो त्याच टॅबमध्ये उघडला, तर जतन न केलेले आकडे नाहीसे होऊ शकतात. कंट्रोल कळ दाबून क्लिक केल्यास दुवा स्वतंत्र टॅबमध्ये उघडतो व हातचे पान समोरच राहते. फायरफॉक्समध्ये नव्या टॅबकडे तत्काळ वळावे की नाही, हेही सेटिंग्जमध्ये ठरविता येते. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट व टी या कळा एकत्र दाबल्यास परत उघडतो. त्यातील आकडे परततीलच असे नाही. म्हणून दर टप्प्यावर माहिती जतन करावी.