‘आधी पास हो, मग बघू’ म्हणणाऱ्यांना

मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक आणि शासकीय महाविद्यालयांतले सर्व विभागप्रमुख यांस,



तालुक्याच्या गावी माझं तीस खाटांचं हॉस्पिटल आहे. बालरोगतज्ज्ञ हवा असतो म्हणून एमडीच्या तिसऱ्या वर्षातल्या रेसिडेंटांशी माझं नेहमी बोलणं होतं. फोन येतो तो बहुधा इमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, आवाज पेंगुळलेला. कामात ही मुलं तयार असतात. पण ‘जॉइन कधी होशील?’ असं विचारलं की गाडी अडते. परीक्षा कधी, निकाल कधी, बाँडची जागा कुठे, काहीच ठाऊक नसतं.

यात त्यांचा दोष नाही. एमडीच्या प्रवेशासाठीची नीट-पीजी २०२१ साली सप्टेंबरात झाली, २०२२ ला मेमध्ये, २०२३ ला मार्चमध्ये, २०२४ ला ऑगस्टमध्ये. आत शिरायचा महिनाच असा हिंदकळत असेल, तर तीन वर्षांनी बाहेर पडायचा कसा ठरणार? त्यावर एका वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा, नाहीतर ५० लाखांचा दंड. बाँडला माझा विरोध नाही. कित्येक जिल्हा रुग्णालयांत भूलतज्ज्ञ दिसतो तो त्याच्याच कृपेने. हरकत आहे ती क्रमाला. निकाल लागल्यावर जागा कळायच्या, मग पसंतीक्रम, मग आदेश. आणि तोवर पोरानं खोली सोडायची की ठेवायची?

विभागप्रमुखांनो, तुमचं वाक्य मला पाठ आहे: आधी पास हो, मग बघू. प्रेमापोटी म्हणता, पण हिशेब चुकतो. प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यावा लागतो. तो दिला की पुस्तकातून डोकं वर काढणं शक्य नाही, काढूही नये. म्हणजे नोकरीची चौकशी करायला उरते ती तिसऱ्या वर्षाची सुरुवात. जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची नेमणूकही पाचव्या सत्राच्या आतच होते. त्या गावात कोण सिझेरियन करतं, रात्री रक्त कुठून येतं, एनआयसीयू आहे का, हे तिथे राहून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही मुलाखतीत कळत नाही. ती नेमणूक हजेरीपुरती उरकू नका.

लवकर शोधावं याचं मोठं कारण मात्र करारपत्र. एका मुलीनं तिला आलेला कागद मला दाखवला होता. सहा महिने ‘मिनिमम गॅरंटी’, त्यापुढे बिलातला वाटा. वाटा एकूण बिलावर की फक्त डॉक्टरांच्या फीवर, याबद्दल अवाक्षर नाही. नोटीस तिनं तीन महिन्यांची द्यायची, हॉस्पिटलनं एका महिन्याची. इन्डेम्निटी विमा कुणाचा, तेही कोरं. हातात येणार ते पगार म्हणून नव्हे, व्यावसायिक फी म्हणून, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. उद्यापर्यंत सही हवी म्हणाले होते. हाती वर्षभर असतं तर तिनं चार कागद शेजारी ठेवून पाहिले असते. (आम्ही हॉस्पिटलवालेही साधुसंत नाही, घाईचा फायदा आम्हालाच होतो.)

म्हणून मागणं मोजकं आहे. सचिव महोदय, बाँडच्या जागांची विषयवार आणि जिल्हावार यादी तिसरं वर्ष लागतानाच जाहीर करा. नंतर पाच-दहा टक्के बदलली तरी चालेल. कुलगुरू महोदय, परीक्षेच्या तारखेबरोबर निकालाची मुदतही आधी सांगा आणि ती पाळा. विभागप्रमुखांनो, पाचव्या सत्रात मुलाखतींसाठी चार-पाच दिवस सुट्टी द्या, कुरकुर न करता. आणि दर महिन्याच्या इतक्या सेमिनारांतला एक करारपत्र, विमा आणि कर यांवर ठेवा. बोलायला नुकता प्रॅक्टिसमध्ये पडलेला तुमचाच जुना विद्यार्थी बोलवा. तो फुकट येईल.

आपला,
एक हॉस्पिटलचालक

ता. क. नवरा-बायको दोघंही रेसिडेंट असतील तर बाँडची जागा देताना एकच जिल्हा मिळेल असं पाहा. मागच्या खेपेला माझ्याकडे येऊ पाहणारं जोडपं नेमकं एकच जिल्हा न मिळाल्यानं मुंबईला गेलं.