निदानाचा हक्क

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखो शेतकरी स्त्रियांनी माणूस म्हणून जगण्याचा हक्क मागितला. अचूक निदान हा त्याच हक्काचा भाग होय.

स्तनाचा कर्करोग सर्वांचा सारखा नसतो. गाठीच्या पेशींत संप्रेरकांचे ग्राहक आढळले तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. शंभरातील पंधरा-वीस रुग्णांत हर-टू हे प्रथिन अतिरिक्त असते. त्यांना ट्रास्टुझुमॅब लागू पडते. १९९८ साली अमेरिकेत मान्य झालेले हे औषध भारतात सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. सक्तीच्या परवान्याची मागणी वाढली, २०१३ साली रोश कंपनीने येथील पेटंट सोडले आणि २०१४ पासून देशी पर्याय आले. २०१५ साली ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत दाखल झाले.

परंतु चाचणीच झाली नाही, तर औषध कोणाला द्यावे हे ठरणार कसे? गाठीचा तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये न ठेवल्यास अहवालही चुकू शकतो. म्हणजे गरीब स्त्रीचे भवितव्य तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहातच ठरू लागते. तेथे फॉर्मॅलिन, नमुन्याची विनामूल्य तपासणी आणि उपचारापूर्वी अहवाल, एवढी हमी शासनाने दिलीच पाहिजे. कार्यकर्त्यांनी ही मागणी चांदवडपासूनच लावून धरावी.