मादी उंदीर मोजला, मजूर बाई कोण मोजणार?

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तेव्हापासून दर पावसाळ्यात तेच प्रवचन ऐकू येते. मजुराने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वारा कुठून येतो ते पाहिले नाही. मरणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवायची ही रीत आपल्याला नवी नाही. पण आज मला थोडे आपल्याच लोकांशी भांडायचे आहे.

या सगळ्या चर्चेत मजूर म्हणजे पाठीवर पंप घेतलेला पुरुष. डोक्यावर पाण्याचे गुंड आणून ड्रममध्ये ओतणारी, औषध कालवायला हात लावणारी, दुसऱ्या दिवशी त्याच पऱ्हाटीत निंदायला उतरणारी, घरी येऊन नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुणारी बाई त्यात नाही. तिच्या शरीरावर विषाचा परिणाम वेगळा होऊ शकतो असे शिबिरात म्हटले, की कुणीतरी ताडकन उठतो: शरीराचा भेद सांगणे म्हणजे मनूचीच भाषा! मला हे मान्य नाही.

आधी विष काय करते ते पाहू. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारे ॲसिटिलकोलीन काम होताच तोडून टाकायचे, ही कोलिनेस्टरेज या एन्झाइमची जबाबदारी. विष या एन्झाइमलाच बांधून टाकते. मग रिसेप्टरवर ॲसिटिलकोलीनचा मारा थांबत नाही. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरते, शेवटी श्वास बंद पडतो. या एन्झाइमचा एक भाऊबंद रक्तद्रवात असतो. काही विष मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधी तो स्वतःच्या अंगावर घेतो. आणि त्याचे प्रमाण स्त्री-हार्मोनांच्या चढउताराबरोबर बदलते: बायकांत सरासरीने पुरुषांपेक्षा कमी, गरोदरपणात आणखी कमी. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते उतरते, आणि सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन त्यातलीच आहे.

यकृतातल्या एन्झाइमांवरही हार्मोनचा हुकूम चालतो. हेक्सोबार्बिटाल हे झोपेचे औषध दिले की मादी उंदीर नरापेक्षा कितीतरी जास्त वेळ झोपते, हे १९३७ सालीच दिसले होते. तिचे यकृत ते औषध हळू मोडते. नराचे वृषण काढले की तोही जास्त झोपतो. मादीला टेस्टोस्टेरॉन दिले की ती लवकर जागी होते. पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेटचे आकडे तर अंगावर येतात. अर्धे उंदीर मारायला नरांत किलो वजनामागे १३ मिलीग्रॅम लागले, मादीत ३.६. उंदरातला फरक माणसात तेवढाच मोठा नसतो आणि एका विषाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर आपणही अफवाच पसरवू.

आता मनूचे बघा. बाईचा स्वभाव जन्मानेच ठरलेला, बदलणार नाही, असे सांगणारा तो ग्रंथ बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला जाळला. इथे तर टेस्टोस्टेरॉन दिले की मादीचे यकृत नरासारखे वागू लागते! हा ठरलेला स्वभाव कसा? ही शरीराची स्थिती आहे. वयाने, गरोदरपणाने, गोळीने बदलणारी. जी गोष्ट बदलते ती मोजता येते, आणि मोजता येते म्हणून तिच्यावर हक्क मागता येतो. विज्ञानाला घाबरून मैदान सोडले तर ते कंपनीच्या हातात जाते.

कंपन्यांना हे सगळे ठाऊक आहे. डब्यावरचा लाल त्रिकोण ठरतो तो उंदरांवरच्या चाचणीने. ५० मिलीग्रॅमपर्यंतच्या मात्रेत अर्धे मेले तर लाल. अशा चाचण्यांच्या ओईसीडीच्या २००१ च्या पद्धतींत सहसा मादीच वापरायला सांगितले आहे, कारण फरक दिसतो तिथे बहुधा मादीच जास्त संवेदनशील ठरते. अमेरिकेत २०१३ साली झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची बायकांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलीग्रॅम केली. शहरातल्या बाईच्या झोपेचा हिशोब होतो, पिंजऱ्यातल्या मादीचा होतो. आमच्या मायबहिणीचा होत नाही.

कायदा नाही असेही नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतला नियम ३७ वाचा. फवारणीत कीटकनाशकाच्या संपर्कात येणाऱ्या सगळ्यांची कामाआधी वैद्यकीय तपासणी, नंतर ठरावीक काळाने पुन्हा, आणि ऑर्गॅनोफॉस्फेटशी काम असेल तर रक्तातल्या कोलिनेस्टरेजची दर महिन्याला मोजणी. नियमात 'पंप पाठीवर घेणारा' असे लिहिलेले नाही, 'संपर्कात येणारा' असे आहे. पाणी ओतणारी बाई त्यात बसते. तुमच्या गावात कुणाचे रक्त महिन्याला तपासले गेले? पुरुषाचेही नाही.

आणि तपासायचे तर एकदाच तपासून भागत नाही. गरोदर बाईचा आकडा विषाशिवायही कमी येईल. जिचा मुळातच चांगला आहे तिचा तिसरा हिस्सा उतरला तरी कागदावर 'नॉर्मल' दिसेल आणि तिला घरी पाठवतील. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी तिचा स्वतःचा आकडा नोंदलेला हवा. (२०१७ ला गाजलेले डायफेन्थियुरॉन ऑर्गॅनोफॉस्फेट नाही, ते या चाचणीत सापडणारच नाही, तेव्हा ही एकच चाचणी मागून गप्प बसू नका.)

यावर सोपा उपाय पुढे येईल: बायकांना फवारणीच्या वावरात जाऊच देऊ नका. म्हणजे मजुरी गेली. जिच्या नावावर सातबारा नाही तिला हे संरक्षण उपाशी मारेल. बाबासाहेब १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले तेव्हा बाईला कामावरून काढा असे म्हणाले नाहीत. विश्रांती मिळालीच पाहिजे आणि तिच्या श्रमावर जो नफा कमावतो त्याने, सरकारने, खर्चाचा भार उचलावा, ही त्यांची मांडणी होती. तोच हिशोब इथे लावा. फवारणीनंतर वावरात न उतरायच्या दिवसांची मजुरी द्या, गरोदर बाईला कालवण्याचे काम नको पण तिचा रोज चालू ठेवा, आणि पैसे कंपनीकडून वसूल करा.

येत्या जूनआधीच्या ग्रामसभेत नियम ३७ ची प्रत घेऊन जा. प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी विचारा की कोलिनेस्टरेजची तपासणी कुठे होते, आणि विषबाधेच्या रजिस्टरमध्ये गेल्या हंगामात बायकांची नावे किती. उत्तर 'शून्य' आले तर तेही लेखी घ्या.