तिसरा पाय

माणसाला दोन पाय पुरतात, तिपाईला तीन लागतात आणि खुर्चीला चार. तिपाईचा एक पाय कुणी कापून टाकला तर आपण त्याला वेड्यात काढू. पण टोस्टरच्या प्लगची तिसरी पिन कापून तो टू-पिनच्या भोकात बसवून दाखवणाऱ्याला मात्र आपल्याकडे हुशार म्हणतात. 'कसं जमवलं बघा!' म्हणून घरची मंडळी पहिला टोस्ट कौतुकाने त्याच्याच पुढ्यात ठेवतात. माझं भांडण आहे ते ह्या हुशारीशी.

आमचं गाव, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद आणि 2023 पासूनचं छत्रपती संभाजीनगर, हे मुळात नान-खलियाचं. तंदूरच्या भिंतीला नान थापणाऱ्या गावाला दोन चौकोनी स्लाइस वर उडवणाऱ्या डब्याचं काय अप्रूप? पण वाळूजच्या कंपनीतली सकाळची पाळी गाठायची, मुलांचे डबे भरायचे, म्हणजे कुठेतरी पोळी हरते आणि पाव जिंकतो. असा तो टोस्टर लग्नाच्या आहेरातून आणि दिवाळीच्या बोनसमधून घरोघरी येऊन बसला. बसला तो बसला, पण त्याची ओळख करून घ्यायची तसदी कुणी घेतली नाही.

इस्त्रीची किंवा गीझरची तापणारी तार झाकलेली असते. टोस्टरची नसते. अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर गुंडाळलेली नायक्रोमची तार आत चक्क उघडी असते. पावाला समोरून आच लागायला हवी ना! म्हणजे टोस्टर हा उघड्या तारेचा डबा आहे. आणि अशा डब्यात स्लाइस अडकली की आपली गृहिणी काय घेऊन धावते? सांडशी! नाहीतर स्टीलचा चमचा. गृहिणीलाच कशाला नावं ठेवा, घरातले इंजिनिअर चिरंजीवही सुरीच घेऊन येतात.

'अहो, बटण बंद केलंय ना!' हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. बटण एकच तार तोडतं. तुमच्या वायरमनने बोर्डात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली असेल तर बटण बंद करूनही फेज टोस्टरच्या आत पाय पसरून बसलेली असू शकते. तेव्हा बटण बंद करा, प्लग उपसून काढा, डबा गार होऊ द्या आणि मग लाकडी चिमट्याने स्लाइस काढा. तोवर पाव कडक झाला तर होऊ दे. चहात बुडवायला तोच बरा.

आता तिसरी पिन. ती जाड असते, चुकून दुसऱ्या भोकात शिरू नये म्हणून. आणि लांब असते, प्लग घालताना सर्वांत आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. घरातल्या थोरल्या जावेसारखं आहे हे. आधी येते, शेवटी निघते आणि तिचं कुणी नाव घेत नाही. आतली तार सुटून पत्र्याला लागली तर विजेला जमिनीत जायची वाट हीच देते. ही कापलीत की तो पत्रा वीज अंगावर घेऊन गप्प बसून राहतो, कोण हात लावतंय ह्याची वाट बघत.

ह्यावर तीन आक्षेप येतात. पहिला: 'मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना असतात, त्याचं काय?' तो दोन पिनांवर चालावा अशाच बेताने बांधलेला असतो. ज्याला कारखान्यानेच तीन दिल्या, त्याच्या तीन राहू द्या. दुसरा: 'वीस वर्षं असंच चाललंय.' चालणारच. तिसरी पिन रोज काम करत नाही, एकाच दिवशी करते. तो दिवस उजाडला की मागच्या वीस वर्षांचा अनुभव कामाला येत नाही.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा: 'आमच्याकडे एमसीबी आहे.' असू द्या. पण 6 अँपिअरचा एमसीबी तुमच्या वायरी वाचवतो, तुम्हाला नाही. माणसाचं हृदय बिघडवायला अँपिअरचे काही शेकडावे भाग पुरतात. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज ह्यांचा हिशेब ते सतत ठेवतं आणि 30 मिलिअँपिअरची तूट दिसली की घरातली वीज तोडतं. वाण्याने असा हिशेब ठेवला असता तर उधारी बुडाली नसती. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. आपल्याकडे ते दाबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बरं, तिसरी पिन शाबूत ठेवलीत, तरी ती जाते कुठे? इमारतीच्या मागे एक खड्डा असतो, अर्थिंगचा. कोळसा आणि मीठ घालून केलेला. हा ओला असेल तरच कामाचा. हिशेब सोपा आहे. खड्ड्याचा रोध 5 ओहम असला तर 230 व्होल्टला 46 अँपिअर धावतील आणि एमसीबी ताबडतोब पडेल. तोच उन्हाळ्यात सुकून 100 ओहम झाला, की जेमतेम 2.3 अँपिअर. एवढ्याने एमसीबी कूससुद्धा बदलत नाही.

आणि आमचा उन्हाळा! खाली काळा पाषाण, वर मे महिना. जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर असताना नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येताना ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय, ते खड्ड्याला पाणी घालतील कशाला? सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास भांडण होतं. खड्डा कुठे आहे विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. बहुधा तो नव्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला असतो, वर सेक्रेटरींची मोटार.

टोस्टही आपण असाच अंदाजपंचे भाजतो. चकतीवरचा आकडा बहुतेक टोस्टरांत रंगाचा नसून वेळेचा असतो. व्होल्टेज 230 वरून 190 वर आलं की आच दोन तृतीयांशावर येते, तेव्हा पांढरा टोस्ट बघून टोस्टरवर चिडू नका, आकडा वाढवा. दुसऱ्या खेपेला डबा तापलेला असतो, तेव्हा बहुधा कमी करा. लोणी भाजल्यावर लावा, आधी नव्हे. खालच्या ट्रेमधला चुरा दर आठवड्याला झटका, नाहीतर एक दिवस तोच पेटतो. आणि टोस्टर मोरीपासून आणि पडद्यापासून लांब ठेवा.

आता माझी मागणी ऐका. नळाला पाणी आलं की टाकी भरा, पिंप भरा, कूलर भरा. मग एक बादली उचला आणि तो खड्डा शोधून त्यात ओता. शेजारी विचारतील, 'काका, इथे झाड लावलंय का?' सांगा, घरातली माणसं लावली आहेत.